पॅनियरला गार्ड लावावा का? मार कुठे जातो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पॅनियर (सामानाचे बॉक्स), मागे पत्नी आणि जूनअखेर किन्नौरमार्गे स्पिती. ॲक्सेसरीजवाल्याने सुचवलंय की बॉक्सच्या बाहेरून स्टीलच्या पाइपचे गार्ड लावून घ्या, म्हणजे गाडी पडली तरी बॉक्सला ओरखडा येणार नाही. जोडीचे आठ हजार सांगितलेत. घ्यावेत का?

तुमच्या गाडीला घेऊ नका. स्टे, रॅक, गार्ड बनवणं आणि बसवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे गार्ड वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांना ते मी आग्रहाने लावतो. पण तुम्ही सांगितलेल्या जोडणीत त्या आठ हजारांनी बॉक्स वाचेल आणि त्याहून महागाची वस्तू धोक्यात येईल.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. बाजारात ‘बॅग गार्ड’ म्हटलं की तीन निराळ्या वस्तू समोर येतात. पहिली सॅडल स्टे, म्हणजे सीटजवळच्या बोल्टपासून मागच्या फूटरेस्टपर्यंत उतरणारी पाइपची चौकट. कापडी सॅडल बॅग हिला टेकते, त्यामुळे चाकात किंवा सायलेन्सरवर जात नाही. दुसरी, सायलेन्सरवर बसणारी हीट शील्ड. तिसरा खरा गार्ड. बॉक्सला बाहेरून वळसा घालून येणारा पाइप, गाडी आडवी झाली की बॉक्सच्या आधी जमिनीला टेकावा म्हणून लावलेला. तुम्हाला विकला जातोय तो हा तिसरा.

पहिल्या दोन वस्तूंबद्दल माझं मत अगदी उलट आहे. कापडी बॅगा वापरणाऱ्याने स्टेशिवाय लांबच्या प्रवासाला निघूच नये. रिकाम्या गाडीवर बॅग टांगून बघितली की सगळं ठीक दिसतं. मागे माणूस बसला की शॉकअप दबून चाक बॅगेच्या जवळ येतं, सामान भरलं की बॅग खाली ओढली जाते, तिचा खालचा कोपरा आत सरकतो आणि सायलेन्सरच्या जवळ जातो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे तासभर चढताना वारा लागत नाही, तेव्हा तो कोपरा वितळायला लागतो. वास येईपर्यंत आतल्या रेनकोटला भोक पडलेलं असतं. म्हणून माप घ्यायचं ते बॅग भरून, मागे माणूस बसवून, आणि सायलेन्सर ते बॅग चार बोटं अंतर ठेवून. डाव्या बाजूला स्टे बसवताना बरेच फिटर साडी गार्ड काढून बाजूला टाकतात. तसं करू देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आच्छादन असावंच लागतं. नियम बाजूला ठेवला तरी मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा रेनकोटची कड चाकात गेली तर काय होतं, हे कुणालाही सांगायला नको.

आता खऱ्या गार्डकडे येऊ. त्याची गरज ठरवायची तर गाडी पडते कशी, हे नीट पाहायला हवं.

सामान लादलेली टूरिंगची गाडी बहुतेक वेळा उभ्या-उभ्या पडते. साइड स्टँड ओल्या मातीत रुततो. उतारावर यू-टर्न घेताना आतल्या बाजूचा पाय जमिनीला पोचतच नाही. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीतून उतरताना धक्क्याच्या शेवाळलेल्या उतारावर बूट सटकतो. या पडण्यात वेग नसतो, वजन असतं. १९६ किलोची गाडी, वर तीसेक किलो सामान. गाडी एका बाजूला कलते आणि पुढे क्रॅश गार्ड, वर हँडलचं टोक, मागे बॉक्सचा खालचा कोपरा अशा ठिकाणी टेकते. कोपरा चेपतो. खरी अडचण पोच्याची नसते, झाकणाची असते. बॉक्सचं वरचं तोंड काही मिलिमीटर तिरकं झालं की झाकणाचं कुलूप हुकात बसत नाही, रबराची पट्टी एका बाजूला उघडी पडते आणि तिथून स्पितीची पिठासारखी धूळ किंवा आपल्याकडचा पाऊस थेट आत. पण हा पोचा रस्त्यावर निघतो. बॉक्स रिकामा करायचा, आतून लाकडाचा ठोकळा धरायचा, हातोडीने हळूहळू बाहेर काढायचा. आधी तोंडाची चौकट सरळ करायची, कोपरा मागाहून. ॲल्युमिनियमच्या बॉक्सचा मोठा गुण हाच आहे. तो चेपतो आणि पुन्हा ठोकून घेता येतो. प्लॅस्टिकचा बॉक्स तडकला की मात्र त्याला चिकटपट्टीवरच घरी आणावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे वीस-तीसच्या वेगात खडीवर, चिखलात किंवा नाल्यात घसरणं. यात गाडी आडवी होऊन थोडी सरकते. सरकणाऱ्या गाडीला काही अडकलं नाही तर नुकसान कमी होतं. बॉक्सची सपाट बाजू घासत जाते, पत्र्यावर ओरखडे येतात, एवढंच. बाहेर आलेला पाइप मात्र दगडात किंवा साइडपट्टीच्या कडेत रुततो. मग गाडी त्या टोकाभोवती गर्रकन फिरते, कधी उलटतेही. ज्या गार्डचं टोक मागे उघडं सोडलेलं असतं किंवा कोपऱ्यात काटकोनात वळवलेलं असतं, तो इथे सर्वांत वाईट. हायवेच्या वेगातल्या अपघाताबद्दल बोलायलाच नको. तिथे बॉक्स, गार्ड, रॅक सगळंच जातं आणि ते जाऊ द्यावं. तिथे अंगावरचं जॅकेट आणि हेल्मेट महत्त्वाचं.

आता मुख्य मुद्दा. गार्ड मार शोषत नाही, तो मार पुढे पाठवतो. बॉक्सच्या कोपऱ्यावर बसणारा दणका गार्डच्या पाइपवर बसतो, तिथून ब्रॅकेटमधे, तिथून रॅकमधे आणि तिथून सबफ्रेममधे, म्हणजे सीटखालच्या त्या मागच्या सांगाड्यात. बॉक्स असताना या वाटेवर दोन ठिकाणी जोर मुरतो. एक, पत्रा चेपतो. दोन, चांगल्या पॅनियरच्या मागे प्लॅस्टिकच्या चकत्या किंवा हुक असतात, ते तुटून बॉक्स सुटून पडतो. घरातला फ्यूज जे काम करतो तेच काम या चकत्या करतात. गार्ड थेट रॅकला जोडला की त्यांना वळसा पडतो आणि पूर्ण जोर आत जातो. चकत्यांचा संच किरकोळ किमतीत मिळतो, सबफ्रेम मिळत नाही.

सबफ्रेम वाकली की काय होतं, तेही सांगतो. पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही, वेल्डच्या कडेला रंगाला केसासारखी चीर जाते. मग सीटचं कुलूप अडकायला लागतं. मागून पाहिलं तर मडगार्ड आणि चाक एका रेषेत नसतात. काही गाड्यांत मागची फ्रेम बोल्टने जोडलेली असते, ती बदलता येते, वेळ आणि पैसा गेला तरी. काही गाड्यांत ती मुख्य फ्रेमलाच वेल्ड केलेली असते. तिथे मग फ्रेम सरळ करून घेणं, नाहीतर पूर्ण फ्रेम बदलणं आणि त्याबरोबर चासी नंबरची कागदपत्रं. ओरखडा वाचवायला निघालेला माणूस इथवर येऊन पोचलेला मी पाहिलाय. सामानासकट गाडी उभ्यानेच पडली होती, बॉक्स झकास होता, आणि मागचा भाग डाव्या बाजूला ओढला गेला होता. आपली फ्रेम कुठल्या जातीची आहे ते सीट आणि बाजूची पॅनेल काढून एकदा बघून ठेवा. जोडावर बोल्ट दिसतात की वेल्ड, हे पाच मिनिटांत कळतं.

दुसरी गोष्ट पायाची, आणि ही मला सगळ्यांत जास्त खटकते. खडीत किंवा वाळूत तोल जायला लागला की आपण सहज पाय खाली टाकतो. गाडी पुढे जात असते, पाय जमिनीवर थांबतो आणि मागून येणारा पॅनियर पोटरीवर किंवा घोट्यावर आदळतो. कडक बॉक्सवाल्यांना ही दुखापत ओळखीची आहे. कापडी बॅग पायावर आली तर दबते. बॉक्स दबत नाही, तरी त्याची बाजू सपाट असते. गार्डचा पाइप बॉक्सच्याही पुढे दोन-तीन इंच आलेला असेल तर तो नेमका घोट्याच्या उंचीवर असतो. तुमच्यामागे पत्नी बसणार आहेत, त्यांच्या टाचेजवळही तोच पाइप येईल. गाडी पडताना मागच्या माणसाला पाय काढून घ्यायला जागा हवी. गार्ड ती जागा खातो.

मग रुंदी आणि वजन. तुमच्या गाडीचं हँडल साधारण ८५ सेंटीमीटर आहे. ॲल्युमिनियमचे बॉक्स लावले की मागची रुंदी बहुधा हँडलपेक्षा जास्त होते, आणि गार्ड लावला की दोन्ही बाजूंना आणखी तीन-चार सेंटीमीटर. पुढून हँडल गेलं म्हणजे गाडी गेली, हा जो आपला अंदाज असतो तो इथे चुकतो. शिमल्याच्या पुढे अरुंद रस्त्यावर समोरून सफरचंदाचा ट्रक आला किंवा चाकणच्या ट्रॅफिकमधे रिक्षाच्या बाजूने निघायचं झालं, की आधी गार्ड अडकतो. वजनाचा हिशोब सोपा आहे. बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर असलेला स्टीलचा पाइप मीटरला जवळपास एक किलो भरतो. दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन मीटर धरा, वर पट्ट्या आणि नट-बोल्ट. चार किलोंच्या पुढेच गेलं. हे वजन गाडीच्या सगळ्यांत मागे आणि सगळ्यांत बाहेर लटकतं, म्हणजे चढावर पुढचं चाक हलकं पडणार. दोन माणसं, रायडिंग गिअर, बॉक्स, रॅक आणि सामान मिळून गाडीच्या मॅन्युअलमधे दिलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ जातात. ही बेरीज घरच्या वजनकाट्यावर करून बघा. मग चार किलो कुठे घालायचे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवायचा विचार असेल तर आणखी एक. पार्सल ऑफिसात बॉक्स काढून ठेवावे लागतात, पण गार्ड रॅकवर तसाच राहतो. हमाल गाडी डब्यात चढवताना हाताला लागेल ते धरून उचलतात, आणि बाहेर आलेला पाइप सगळ्यांत आधी हाताला लागतो. गाडी मुक्कामी पोचते तेव्हा ब्रॅकेट वाकलेलं असतं आणि बॉक्स रॅकवर बसत नाही. तुमचा गार्ड असा जाताना-येताना दोनदा उचलला जाईल.

आता गार्ड कुणी घ्यावा? हार्ली-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्या किंवा होंडा गोल्ड विंग यांच्या मागच्या पेट्या गाडीच्या रंगात रंगवलेल्या असतात, बॉडीचाच भाग असतात. गाडीचं वजन साडेतीनशे किलोंच्या वर. पेटीचं झाकण फुटलं तर किंमत आणि वाट पाहण्याचे दिवस, दोन्ही जास्त. अशा गाड्यांना मागचा गार्ड मूळ फ्रेमवर भरभक्कम ठिकाणी बसतो, पुढच्या इंजिन गार्डबरोबर गाडी दोन्ही पाइपांवर कलती राहते, पूर्ण झोपत नाही. तिथे गार्ड घ्यावाच, आणि कंपनीचा किंवा त्याच मापाचा घ्यावा.

बुलेट आणि क्लासिकवाल्यांचं लडाख कॅरियर हा वेगळा प्रकार आहे. मनालीत भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांवर दिसतं ते. वर सामानाची जाळी, बाजूला पेट्रोलच्या कॅनसाठी चौकटी. कॅन काढून त्याच चौकटीला कापडी बॅग बांधली की ते स्टेचं काम करतं आणि पडल्यावर गार्डचंही. कापडी बॅगा असतील तर मला ते पसंत आहे. फक्त त्याचे बोल्ट कुठे जातात ते पाहा. शॉकअपच्या वरच्या बोल्टला आणि फूटरेस्टच्या जागी पकडलेलं कॅरियर टिकतं. मडगार्डच्या पट्टीला पकडलेलं कॅरियर ती पट्टी घेऊन तुटतं.

केवळ कापडी बॅगा असतील तर बाहेरचा गार्ड हा पूर्ण वाया गेलेला खर्च. बॅग स्वतःच उशी आहे. खरं संरक्षण भरण्यात आहे: बाहेरच्या बाजूला कपडे, स्लीपिंग बॅग, आणि आतल्या बाजूला, चाकाकडे, टणक वस्तू. स्टोव्ह, टूलकिट, कॅमेऱ्याचा चार्जर बाहेरच्या कापडाला टेकून ठेवले की पडल्यावर कापड त्या वस्तूच्या धारेवर फाटतं. रस्ता बाहेरून घासतो आणि वस्तू आतून कापते, दोन्ही मिळून भोक पडतं.

तुमच्याकडे बॉक्स आहेत, तेव्हा त्या आठ हजारांचं काय करायचं ते सांगतो. रॅकच्या दोन बाजूंना मागून जोडणारी आडवी पट्टी आहे का, ते पहिलं बघा. नंबरप्लेटच्या मागून, मडगार्डखालून जाणारा एक साधा पाइप. ती नसेल तर डावीकडे बसलेला दणका पूर्ण डाव्या रॅकवर आणि डाव्या बोल्टांवर येतो. असेल तर उजवी बाजूही भार घेते. कुठलाही बरा फॅब्रिकेटर ही पट्टी गार्डच्या किमतीच्या अगदी लहान भागात करून देईल, आणि माझ्या मते मागच्या सामानासाठी यापेक्षा उपयोगी खर्च नाही. पुढे इंजिनजवळ चांगला क्रॅश गार्ड नसेल तर तो घ्या, पडल्यावर मागच्या बाजूचा भार त्याने बराच कमी होतो. बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यांना आतून ॲल्युमिनियमची जाड पट्टी रिव्हेट करून घ्या आणि बाहेरून जाड रबराचा तुकडा चिकटवा, म्हणजे पहिला मार रबर खाईल. आतमधे बॉक्सच्या मापाच्या वॉटरप्रूफ पिशव्या वापरा. झाकण वाकडं झालं तरी कपडे कोरडे राहतात आणि मुक्कामाला बॉक्स न काढता पिशवीच उचलून नेता येते. चकत्यांचा आणि कुलपाच्या हुकाचा एक जादा संच टूलकिटमधे टाका.

आणि पडणंच कमी करा. काझा-लोसारवरून कुंझुम खिंड उतरून बातल ते ग्राम्फू हा पट्टा दगडगोट्यांचा आहे, वाटेत नाले आहेत, आणि दुपारी ऊन वाढलं की वरचा बर्फ वितळून त्यांचं पाणी चढतं. तो पट्टा सकाळी लवकर सुरू करा. मोठ्या नाल्याआधी पत्नींना उतरवून दगडांवरून पलीकडे जाऊ द्या, पाण्यात दगड कुठे आहेत ते आधी पायी पाहा, मगच गाडी घाला. मागचं वजन कमी झालेली गाडी नाल्यात किती सहज वळते, ते एकदा अनुभवलं की तुम्ही पुढच्या नाल्याला स्वतःहून थांबाल.

एवढं वाचूनही गार्ड लावायचाच असं ठरलं, किंवा ज्यांच्या गाडीला तो खरंच शोभतो अशांसाठी, बनवून घेताना काय पाहावं? अंगणात जुने टायर आणि गादी टाकून, दोघातिघांनी धरून, बॉक्स लावलेली गाडी हळूच आडवी करा. नक्की कुठे टेकते ते खडूने खुणवा. दहापैकी नऊ गार्ड हे न करता बनवलेले असतात, त्यामुळे पाइप एका जागी आणि मार दुसऱ्या जागी. गार्ड बॉक्सच्या पुढे येता कामा नये, त्याचं प्रत्येक टोक आत वळून परत रॅकला मिळालं पाहिजे, उघडं टोक नको. तो लावलेला असताना मागचा ॲक्सल पूर्ण बाहेर येतो का, हे फिटरकडून समोर करून घ्या. पंक्चर काढायला आधी गार्ड खोलावा लागत असेल तर तो परत द्या. इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून आणि तिरक्या कोनातून स्पष्ट दिसली पाहिजे. फ्रेमला कुठेही वेल्डिंग नको, भोकही नको, फक्त कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागा वापरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि फ्रेमला वेल्ड केलेलं काही दिसलं तर विमा कंपनीही प्रश्न विचारते. स्टेनलेस स्टीलचा पाइप गंजत नाही हे खरं, पण तुटला तर नीट जोडायला बहुधा आर्गॉन वेल्डिंग लागतं. साधा स्टीलचा पाइप पावडर कोटिंग करून घेतला तर तो कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याच्या वेल्डरकडे जोडता येतो. लांबच्या प्रवासाला मी साधाच देतो.

रस्त्यात रॅकला वेल्डिंग करायची वेळ आली तर शक्यतो रॅक गाडीवरून सोडवून करा. सोडवता येत नसेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. एबीएस आणि फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत हे न करता आर्क मारला तर चारशे रुपयांच्या जोडापायी ईसीयू जातो, आणि तो काझ्यात मिळणार नाही. नवीन रॅक किंवा आडवी पट्टी बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट हमखास थोडे सैल होतात, म्हणून ती जोडणी निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा, ताम्हिणीला एक फेरी मारा, मग एकेक बोल्ट काढून त्याच्या आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावून पुन्हा आवळा आणि नट-बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. काझ्याच्या मुक्कामी संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या सगळ्या रेघा बघून घ्या, कारण लोसार सोडल्यावर पान्याचं दुकान भेटायचं नाही.